विम्याचा क्लेम नाकारला? पत्र नीट वाचा, मुदत मोजा

आंजर्ल्यापासून दापोलीपर्यंतच्या आपल्या वाड्यांत आज विमा नाही असे घर क्वचितच सापडेल. कुणाची एल.आय.सी.ची पॉलिसी असते, कुणाच्या जनधन खात्यातून वर्षाला वीस रुपये कापले जातात. मुंबईला असलेल्या मुलाने कंपनीतून घरच्यांचे मेडिक्लेम कार्ड काढलेले असते. बचत गटाच्या कर्जातूनही विम्याचा हप्ता परस्पर वळता होतो. पण दवाखान्याचे बिल हातात पडते किंवा घरातला कमावता माणूस जातो, तेव्हा कंपनीचे इंग्रजी पत्र येते. क्लेम मंजूर होत नाही, एवढाच त्याचा अर्थ कुणीतरी सांगतो. पत्र डब्यात जाते आणि कर्ज घरात येते.

ते पत्र म्हणजे कंपनीचे म्हणणे आहे, कोर्टाचा निकाल नव्हे. त्याविरुद्ध दाद मागता येते, बहुतेक ठिकाणी एक पैसाही न भरता आणि वकील न लावता. मात्र दाद मागायला मुदत असते. ती गेली की खरा क्लेमही अडचणीत येतो.

कष्टकऱ्याचा आजारपणाचा विमा हा विषय आपल्याला परका नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते (१९४२ ते १९४६). त्या काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४४ ला त्यांचा अहवाल आला आणि पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. विम्याचे पैसे ही कुणी केलेली मेहरबानी नसते. हप्ता भरला आहे, तर तो हिशेबाचा पैसा आहे.

क्लेम का नाकारतात?

सर्वांत जास्त वाद होतात ते "आजार लपवला" या कारणावरून. पॉलिसी घेताना भरलेला अर्ज हा कराराचा पाया असतो. आपल्याकडे तो एजंट भरतो आणि आपण सही किंवा अंगठा देतो. "काही आजार आहे का?" या रकान्यात तो सरसकट "नाही" लिहितो. पुढे चार वर्षांनी रुग्णालयात भरती झाल्यावर डॉक्टर विचारतात, "बी.पी. कधीपासून आहे?" घाबरलेला नातेवाईक सांगतो, "असेल सात-आठ वर्षं." ते केसपेपरवर जाते. कंपनी दोन्ही कागद शेजारी ठेवते आणि क्लेम नाकारते.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. अर्ज स्वतः किंवा घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून मगच सही करा. मधुमेह, बी.पी., दमा, झालेले ऑपरेशन जे असेल ते लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण क्लेम टिकेल. दुसरे म्हणजे, दवाखान्यात आजाराचा काळ अंदाजाने सांगू नका. खात्रीने ठाऊक असेल तेवढेच सांगा. केसपेपरवर चुकीचे लिहिले गेले असेल, तर डिस्चार्जपूर्वीच डॉक्टरांना भेटून दुरुस्ती करून घ्या. नंतरची दुरुस्ती कंपनी सहसा मानत नाही.

कायदा कुठे आपल्या बाजूने आहे?

आयुर्विम्याच्या बाबतीत विमा कायद्याचे कलम ४५ लक्षात ठेवा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली की कोणत्याही कारणाने कंपनीला तिच्या खरेपणावर शंका घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत फसवणूक नसून केवळ चुकीची माहिती दिली म्हणून पॉलिसी रद्द केली, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात. पण यात एक खाच आहे. हप्ते चुकून पॉलिसी बंद पडली आणि आपण ती पुन्हा चालू केली, तर तीन वर्षे त्या तारखेपासून नव्याने मोजतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, हाताला काम नसते, तेव्हाच हप्ते चुकतात. ज्याची कमाई हंगामी आहे त्याने हप्त्याची तारीख हंगामातली घ्यावी.

मेडिक्लेमच्या बाबतीत २०२४ पासून नियम बदलले आहेत. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबायला लावण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे झाला आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की माहिती दडवल्याचे कारण सांगून क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. कॅशलेससाठी कंपनीने तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. उशिरामुळे बिल वाढले तर वाढीव रक्कम कंपनीने सोसायची. रुग्ण दगावला तर क्लेमचे काम तातडीने करून मृतदेह लगेच ताब्यात मिळेल असे पाहणे हीही कंपनीची जबाबदारी आहे. क्लेम नाकारताना पॉलिसीतील कोणत्या अटीमुळे नाकारला, हे तिने लेखी कळवलेच पाहिजे.

न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका मराठी कुटुंबाचे प्रकरण होते. विमाधारकाने कंबरेच्या मणक्याचे दुखणे सांगितले नव्हते आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. मृत्यूशी संबंध नसलेला आणि जिवावर न बेतणारा आजार सांगितला नाही, म्हणून क्लेम नाकारता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. २०२१ च्या प्रकरणात मधुमेह असल्याचे अर्जात सांगितलेले होते. ते माहीत असून पॉलिसी दिल्यावर कंपनीला मागे फिरता येणार नाही, असा निकाल लागला. पण २०२० मध्ये निकाल कुटुंबाच्या विरुद्ध गेला. अर्ज भरण्याच्या महिनाभर आधी रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या आणि ते दडवले होते. थोडक्यात, विसरलेल्या किरकोळ दुखण्यातून सुटका होऊ शकते. गंभीर आजार लपवला तर होत नाही.

वीस रुपयांचा विमा आणि अपघाताचे कागद

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. जीवन ज्योती विम्यात ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. मात्र नव्याने नाव घातल्यापासून पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज इतर कारणाने मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. मे अखेरीस खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. म्हणून जूनमध्ये पासबुक भरून घ्या आणि कापलेल्या रकमेच्या ओळीखाली रेघ मारून ठेवा. क्लेमच्या वेळी तोच पहिला पुरावा असतो.

आपल्या किनारपट्टीवर अपघात बहुधा तीन प्रकारचे होतात. खाडीत किंवा समुद्रात बुडणे, नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पडणे आणि साप चावणे. बुडून किंवा वाहनाच्या अपघातात मृत्यू झाला तर पोलिसांत नोंद लागते. साप चावणे किंवा झाडावरून पडणे यासाठी दवाखान्यात लगेच झालेली नोंद चालते, असे योजनेच्या नियमांत आहे. अडचण नेमकी इथेच येते. माणूस जागीच गेला की "आता दवाखान्यात नेऊन काय करायचे?" म्हणून अंत्यविधी उरकला जातो. पंचनामा होत नाही, शवविच्छेदन होत नाही. मग मृत्यू अपघाती होता हे सांगणारा एकही कागद उरत नाही. दुःखाच्या त्या घडीला घरच्यांना हे सुचत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी आणि गाव शाखेच्या कार्यकर्त्यांनी पुढे होऊन सरकारी दवाखाना आणि पोलीस नोंद यांची काळजी घ्यावी. अर्ज शक्यतो ३० दिवसांत बँकेत द्यावा. उशीर झालाच तर कारण लिहून द्यावे. टाळता न येणाऱ्या कारणाने झालेल्या उशिरावर बोट ठेवून खरा क्लेम नाकारू नये, अशी विमा नियामकाची २०११ पासूनची सूचना आहे.

बचत गटाच्या किंवा फायनान्सच्या कर्जातून विम्याचे पैसे कापले असतील, तर त्या विम्याचे प्रमाणपत्र मागून घ्या. कर्जदार गेल्यावर विम्यातून कर्ज फिटायला हवे असते, तरी वसुलीवाला विधवेच्या दारात येत राहतो. तिने हप्ता देण्याआधी विम्याचा कागद मागावा.

महात्मा फुले योजनेत "बसत नाही" म्हटले तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व रेशनकार्डधारकांना, कार्ड पिवळे असो, केशरी असो वा पांढरे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. "कार्ड चालत नाही" किंवा "हे ऑपरेशन बसत नाही" असे तोंडी उत्तर मिळाले, तर काउंटरवरून परत फिरू नका. आरोग्यमित्राला भेटा, कारण लिहून मागा आणि तिथूनच १५५३८८ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा. तातडीच्या रुग्णाला आधी भरती करून कागद मागाहून देण्याची सोय योजनेत आहे. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी पैसे मागितले तर पावती मागा आणि तीही तक्रारीला जोडा.

दाद कुठे मागायची?

पहिली पायरी: कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा. मराठीत चालेल. पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, नाकारण्याचे कारण आणि ते चूक का आहे, एवढेच लिहा. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. विमा नियामकाकडे १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

दुसरी पायरी: महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील नाही. ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद इथे चालतात. कंपनीने नकार कळवल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. रत्नागिरी जिल्ह्यासाठी लोकपाल कार्यालय पुण्यात नारायण पेठेत, जीवन दर्शन इमारतीत आहे. तक्रार ऑनलाइनही देता येते. लोकपालाचा निवाडा कंपनीला बांधील असतो आणि तिला तो ३० दिवसांत पाळावा लागतो. आपल्याला तो मान्य नसेल तर पुढचा रस्ता खुला राहतो. मात्र तेच प्रकरण ग्राहक आयोगात दाखल केले असेल तर लोकपाल ते घेत नाही. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग, हा क्रम बरा.

तिसरी पायरी: जिल्हा ग्राहक आयोग. इथे मुदत दोन वर्षांची आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीला, तक्रार करता येते, कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असो. विम्याच्या बाबतीत फी ठरते ती भरलेल्या हप्त्यावर, मागितलेल्या रकमेवर नाही. हप्ता ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी शून्य. आपल्यापैकी जवळजवळ सगळे यातच बसतात.

वकील लागलाच तर तोही मोफत मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता कायदेशीर मदत मिळते. १९९० पासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचे हक्क लागू आहेत. जात प्रमाणपत्र घेऊन न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

आजच करण्याची कामे

एका पिशवीत सर्व पॉलिसी, हप्त्यांच्या पावत्या, पासबुक, रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती ठेवा. ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या बाईमाणसाला माहीत असू द्या. आधार, बँक आणि पॉलिसी यांवरचे नाव आणि आडनाव एकसारखे आहे का ते पाहा. एकीकडे गावचे आडनाव, दुसरीकडे वडिलांचेच नाव, असे असेल तर आत्ताच दुरुस्त करा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर नॉमिनी अजून आईच असेल, तर आता कुणाचे नाव हवे ते ठरवून तसे लिहून द्या. दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्डाबरोबर केसपेपरची प्रत मागा. लेखी मागितल्यावर डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असते.

आणि नाकारल्याचे पत्र आले, तर पाकिटावर आल्याची तारीख लिहा. लोकपालासाठी एक वर्ष आणि ग्राहक आयोगासाठी दोन वर्षे त्या सुमारालाच सुरू झालेली असतात. पत्र वाचता येत नसेल तर पुढच्या बैठकीला विहारात घेऊन या. गावात वाचणारे कुणी नसेल तर मुंबई शाखेतल्या मुलांना फोटो पाठवा. पत्र डब्यात ठेवू नका.