लघुसंगणक, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि मराठी अक्षर : जुहूतील एका प्रयत्नाच्या निमित्ताने

बीजशब्द : लघुसंगणक, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, देवनागरी, युनिकोड, स्थानिकीकरण

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास हा एका अर्थाने त्याचा आकार आणि किंमत कमी होत गेल्याचा इतिहास आहे. संपूर्ण दालन व्यापणारे यंत्र टेबलावर आले, तेथून मांडीवर आणि पुढे तळहातावर आले. यंत्र लहान व स्वस्त झाले म्हणजे ते सर्वसामान्यांचे झाले, असे मानण्याची प्रथा आहे. परंतु ज्या यंत्रावर आपली भाषा नीट लिहिता-वाचता येत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी परकेच राहते.

या विषयाकडे वळण्यास प्रस्तुत लेखिकेचा एक अनुभव कारणीभूत ठरला. २०१३ साली एम.फिल.चा लघुप्रबंध एका टंकलेखन केंद्रातून मराठीत तयार करून घेतला होता. काही वर्षांनी संगणक बदलल्यावर त्याची फाइल उघडली, तेव्हा मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची सरमिसळ दिसली. फाइल सुरक्षित होती, मजकूर मात्र हरवला होता. ग्रंथालयातील छापील प्रतीवरून तो पुन्हा टंकित करावा लागला. मराठीतून अभ्यास करणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला असे अनुभव आले आहेत. ते का येतात, आणि लघुसंगणक व मुक्तस्रोत सॉफ्टवेअर यांचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : संकल्पना

सॉफ्टवेअर हे मुळात माणसाने वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले असते. त्यास स्रोत म्हणतात. या स्रोताचे यंत्राला समजणाऱ्या रूपात भाषांतर होते आणि बहुतेक ग्राहकांच्या हाती केवळ ते यंत्ररूपच येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा करून या पद्धतीस आव्हान दिले. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, अभ्यासण्याचे, इतरांस देण्याचे आणि सुधारून वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्यास असावे, ही त्यामागील भूमिका होय. १९८९ साली आलेल्या ग्नू सार्वजनिक परवान्याने तिला कायदेशीर आधार दिला. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढे तोही याच परवान्याखाली आला. ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा १९९८ पासून रूढ झाली.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. विनामूल्य आणि मुक्त हे समानार्थी शब्द नाहीत. विनामूल्य वस्तूस पैसे पडत नाहीत, तर मुक्त वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क आपल्यापाशी असतो. मराठीसारख्या भाषेस या दुसऱ्या हक्काची गरज अधिक आहे, कारण ज्या बाजारात नफा कमी तेथे दुरुस्ती करण्याची घाई उत्पादकास नसते.

२. देवनागरी अक्षर पडद्यावर कसे उमटते?

रोमन लिपीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला एक आकृती दिली की काम बहुतांशी भागते. देवनागरीत तसे नाही. ‘किल्ला’ हा शब्द पाहू. संगणकात तो क, ि, ल, ्, ल, ा अशा सहा चिन्हांच्या क्रमाने साठवला जातो. उच्चारात वेलांटी ‘क’ नंतर येते, पडद्यावर मात्र ती ‘क’च्या आधी काढावी लागते. दोन ‘ल’ व त्यांमधील हलन्त यांचे जोडाक्षर करावे लागते. म्हणजे साठवणीचा क्रम आणि दर्शनाचा क्रम वेगळे असून त्यांची सांगड घालणारा एक मध्यस्थ लागतो. या मध्यस्थास आपण ‘अक्षररचना यंत्रणा’ म्हणू.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये हा मध्यस्थ टाळण्यात आला होता. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच वेलांटी, काना व अर्धी अक्षरे यांच्या आकृत्या बसवल्या जात आणि दिसण्याच्या क्रमाने टंकन होई. कागदावर छपाई उत्तम येई, परंतु संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच राही. त्यामुळे शोध, वर्णानुक्रम अथवा अन्य संगणकावर वाचन, यांपैकी काहीच भरवशाने होत नसे. शिवाय प्रत्येक फॉन्ट-संचाची मांडणी निराळी असे. उपरोल्लेखित लघुप्रबंधाचे असेच झाले.

यावर उपाय म्हणजे सर्वमान्य क्रमांकन. भारतीय मानक संस्थेचे ‘इस्की’ हे मानक १९९१ सालचे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीसाठी १२८ स्थाने राखून ठेवण्यात आली आणि त्यांची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. तथापि मानक आले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. मराठीच्या काही गरजा हिंदीहून भिन्न आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. पहिल्यात रफार येतो, दुसऱ्यात ‘य’ला चिकटलेला ‘र’ येतो. युनिकोडमध्ये दुसऱ्या रूपासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरले जाते आणि अक्षररचना यंत्रणेला हा भेद ठाऊक असावा लागतो. ‘ॲ’ला तर स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. तोवर ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जाई. जुन्या मजकुरातील असे शब्द आजही शोधात सहसा सापडत नाहीत. मराठीत रूढ असलेला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचाही विचार फॉन्टमध्ये वेगळा करावा लागतो.

३. जुहूतील कार्य

मुंबईच्या जुहू उपनगराची ओळख समुद्रकिनारा आणि चित्रपट कलावंतांचे बंगले अशी आहे. परंतु येथील गुलमोहर मार्गाच्या परिसरात राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था होती, ही बाब अनेक स्थानिकांनाही ठाऊक नसते. १९८५ साली स्थापन झालेल्या या केंद्राचे पहिले संचालक डॉ. एस. रमणी होते. शैक्षणिक संस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या संगणक-जालाच्या उभारणीत या केंद्राचा महत्त्वाचा वाटा होता. २००२-०३ च्या सुमारास हे केंद्र ‘सी-डॅक’ या संस्थेत विलीन झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने येथील दोन कामे उल्लेखनीय आहेत. पहिले अक्षरकार व कवी र. कृ. जोशी यांचे. त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० पासून असंख्य संगणकांवर पोहोचला. त्यांनीच आरेखित केलेला ‘रघू’ हा युनिकोड देवनागरी फॉन्ट या केंद्राने विनामूल्य उपलब्ध करून दिला. लिनक्स वापरणाऱ्या आरंभीच्या मराठी व हिंदी भाषकांना त्याचा मोठा आधार झाला. जोशी यांचे २००८ साली निधन झाले.

दुसरे काम ‘इंडिक्स’ या नावाने ओळखले जाते. लिनक्सवर प्रत्येक उपयोजनात देवनागरीची वेगवेगळी सोय करण्याऐवजी, पडद्यावर अक्षरे काढणाऱ्या खालच्या थरातच ही सोय केली तर वरची उपयोजने आपोआप भारतीय भाषा दाखवू लागतील, असा त्यामागील विचार होता. घराच्या प्रत्येक नळाला गाळणी बसवण्याऐवजी गच्चीवरील टाकीतच पाणी गाळून घ्यावे, तसा हा प्रकार होय. पण टाकीपर्यंत हात पोहोचायचा तर टाकी उघडी हवी. लिनक्सचा स्रोत खुला असल्यामुळेच जुहूतील अभियंत्यांना हा विचार प्रत्यक्षात आणून पाहता आला.

याच काळात मुंबईत अन्यत्रही प्रयत्न चालू होते. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधील प्रा. जितेंद्र शहा यांच्या ‘इंडिकट्रान्स’ गटाने ‘गार्गी’ हा देवनागरी फॉन्ट ग्नू परवान्याखाली दिला. २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ फॉन्ट मुक्त केले. पुढे निरनिराळ्या यंत्रणांचे काम ‘हार्फबझ’ या मुक्तस्रोत यंत्रणेत एकवटले. आज अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम व लिबरऑफिस यांत तीच वापरली जाते. इंडिक्सची मूळ आज्ञावली आज वापरात नसली, तरी दुरुस्ती खालच्या थरात व्हावी हा तिचा आग्रह योग्य होता, हे यावरून दिसते.

४. लघुसंगणक : तीन टप्पे

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या पुढाकाराने २००१ साली ‘सिंप्युटर’ हा हातात मावणारा, लिनक्सवर चालणारा व बहुभाषिक संगणक पुढे आला. त्याचा प्रसार मर्यादित राहिला, परंतु लघुसंगणक व भारतीय भाषा यांचा एकत्रित विचार त्याने प्रथम लोकांसमोर मांडला.

दुसरा टप्पा महाराष्ट्रातील आहे. ‘प्रत्येक बालकास एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील प्रारंभिक प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात २५६ मेगाबाइट स्मृती व १ गिगाबाइट साठवण होती आणि सर्व कार्य ‘शुगर’ या मुक्तस्रोत प्रणालीवर चाले. त्याच्या कळफलकावर चालू उपयोजनाचा स्रोत दाखवणारी एक स्वतंत्र कळ होती. मुलाने यंत्र वापरावे, इतकेच नव्हे तर ते आतून पाहावे, हा त्यामागील हेतू.

तिसरा टप्पा २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेल्या ‘रास्पबेरी पाय’ या क्रेडिट कार्डाएवढ्या संगणकाचा. त्याच्या पहिल्या नमुन्याची किंमत ३५ डॉलर होती. पडदा व कळफलक वेगळे जोडावे लागतात. त्याची कार्यप्रणाली डेबियन लिनक्सवर आधारित असल्याने मुक्त फॉन्ट व अक्षररचना यंत्रणा त्यावर सहज चालतात. म्हणजे नव्या यंत्रासाठी मराठीचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले नाही. मुक्तस्रोताचा हा सर्वांत मोठा लाभ होय.

५. दोन उपयोग

अशा लघुसंगणकाचे महाविद्यालयास वा सार्वजनिक वाचनालयास परवडतील असे दोन उपयोग येथे नमूद करावेसे वाटतात. पहिला, इंटरनेटविना चालणारे ग्रंथदालन. ‘किविक्स’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया स्मृतिपत्रात साठवता येतो. लघुसंगणक स्वतःचे वाय-फाय क्षेत्र निर्माण करतो आणि खोलीतील विद्यार्थी आपापल्या मोबाइलवर लेख वाचू शकतात.

दुसरा, दृष्टिहीनांसाठी वाचनयंत्र. कॅमेऱ्याने पानाचे छायाचित्र घ्यावे, ‘टेसरॅक्ट’ने त्यातील मराठी अक्षरे ओळखावीत आणि ‘ईस्पीक’ने ती उच्चारावीत. ही दोन्ही सॉफ्टवेअर मुक्त असून मराठीसाठी उपलब्ध आहेत. आवाज यांत्रिक येतो आणि जुन्या खिळाछपाईतील जोडाक्षरांवर यंत्र अडखळते, हे मान्य करावे लागेल. परंतु चूक कोठे होते हे पाहून ती सुधारण्याचा मार्ग आपल्या विद्यार्थ्यांस खुला आहे.

६. मर्यादा

यंत्र जितके लहान, तितके मराठीस स्थान कमी, असेही एक वास्तव आहे. स्वस्त उपकरणांत बसवल्या जाणाऱ्या सूक्ष्मनियंत्रकांची स्मृती अत्यल्प असते. ‘आर्डुइनो उनो’मध्ये आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट व कामाच्या वेळी केवळ २ किलोबाइट जागा असते. अक्षररचना यंत्रणा त्यात मावत नाही. मग मराठी शब्दांची चित्रेच आधी तयार करून ठेवावी लागतात. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांच्या लहान पडद्याचे एक चित्र १ किलोबाइट जागा घेते, म्हणजे तीस चित्रेही जेमतेम बसतात. काही स्वस्त स्मार्ट घड्याळांवर मराठी संदेशाऐवजी रिकामे चौकोन दिसतात. उत्पादकाने त्यातील सॉफ्टवेअर बंद ठेवले असेल, तर ग्राहकास त्यावर इलाज नसतो.

वाणीच्या क्षेत्रातही हेच आहे. २०२२ साली खुले झालेले ‘व्हिस्पर’ हे वाक्-ओळख प्रारूप मराठी समजते, परंतु लघुसंगणकावर मावणारी त्याची छोटी रूपे इंग्रजीच्या तुलनेत मराठीत पुष्कळ चुका करतात. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या खुल्या ध्वनिसंग्रहात मराठी आहे आणि त्यात आपला आवाज कोणीही देऊ शकतो. मालवणी, आगरी, वऱ्हाडी वा अहिराणी वळणाने बोलणाऱ्यांचे आवाज अशा संग्रहांत आले नाहीत, तर उद्याची स्मार्ट उपकरणे त्यांना समजून घेणार नाहीत.

समारोप

सारांश, लघुसंगणक सामान्य मराठी माणसाच्या उपयोगी पडतो तो केवळ त्याच्या किमतीमुळे नव्हे, तर त्यातील सॉफ्टवेअर आपल्या भाषेसाठी दुरुस्त करता येते म्हणून. जुहू, माटुंगा व खैराट येथील प्रयत्नांनी ही दुरुस्ती आपल्याच परिसरात होऊ शकते हे दाखवून दिले. महाविद्यालयांनी आपले प्रबंध, नियतकालिके व प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये व खुल्या स्वरूपात जतन कराव्यात, जुन्या फॉन्टमधील मजकुराचे रूपांतर वेळीच करून घ्यावे आणि मराठी व संगणक या विभागांनी विद्यार्थ्यांचे संयुक्त प्रकल्प हाती घ्यावेत. लघुप्रबंधाची छापील प्रत ग्रंथालयात होती म्हणून तो वाचला. ज्यांची छापील प्रतच नाही, अशा मजकुराला मात्र दुसरी संधी मिळणार नाही.