गाडीची नाडी, भाग ७ : वारा गेला कुठे?

मे महिन्यात भंडाऱ्यात गाडीचा एसी अंगाला लागेनासा झाला की शेजारी, मेहुणा, गॅरेजवाला असे सगळे एकच निदान करतात : गॅस संपला. गॅस भरला जातो, पैसे दिले जातात आणि दोन दिवसांनी साकोलीच्या वाटेवर पुन्हा तेच. पायांना गारवा आणि तोंडावर घाम. मागच्या आठवड्यात आपण कॉम्प्रेसर आणि गॅस यांचं काम पाहिलं. आज त्यांना बाजूला ठेवायचं आहे, कारण हवा किती थंड होईल हे गॅस ठरवतो, पण ती कुठे जाईल हे तो ठरवत नाही. हवा गार आहे पण जिथे हवी तिथे येत नाही, अशी तक्रार असेल तर त्या दिवशी गॅस भरून घेऊ नका. ते पैसे वाया जातात, आणि खरा बिघाड डॅशबोर्डच्या आत तसाच राहतो.

आत काय आहे ते आधी पाहू. डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिकचा एक मोठा डबा असतो. वायपरच्या खालच्या जाळीतून बाहेरची हवा किंवा गाडीतलीच हवा त्यात शिरते. दोन्हींपैकी कोणती, ते पहिला फ्लॅप ठरवतो. पुढे एसी फिल्टर, मग ब्लोअर, मग कूलिंग कॉइल. कॉइलमधून निघालेली हवा दुसऱ्या फ्लॅपपाशी येते. त्यातली किती हीटरमधून न्यायची आणि किती थेट सोडायची हे तो ठरवतो, म्हणजेच तापमान त्याच्या हातात असतं. शेवटी मोडचे फ्लॅप : काच, तोंड आणि पाय अशा तीन वाटा. कुठे एकच फ्लॅप तिन्ही वाटा सांभाळतो, कुठे दोन-तीन फ्लॅप एकाच चकतीच्या खाचांतून एकमेकांशी जोडलेले असतात.

ही रचना गाडीत पहिल्यापासून नव्हती. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये एसी असलेली मोटार बाजारात आणली, तेव्हा तिचं थंड करणारं यंत्र गाडीच्या मागच्या बाजूला होतं आणि हीटरचा त्याच्याशी संबंध नव्हता. नॅश कंपनीने १९५४ मध्ये हीटर आणि एसी पुढच्या बाजूला एकत्र आणले. गार, गरम, काच, पाय हे सगळं एका डब्यात आल्यावर वाटा बदलायला फ्लॅप लागले. बिघाडाची ही जात तिथून सुरू झाली.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हा डबा समजायला अवघड नाही. मालगुजारी तलावाचं तुडूम उघडलं की पाणी पाटातून बांध्यांकडे जातं. शेवटच्या बांधीला पाणी पोचलं नाही, तर शेतकरी तलाव आटला असं लगेच म्हणत नाही. तो पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि पाणी कुणाच्या बांधीत वळलंय ते बघतो. हवेचंही तसंच. ब्लोअर पूर्ण जोरात फिरतोय, त्याचा आवाज येतोय आणि समोरच्या जाळीतून वारा नाही, तर तो वारा कुठेतरी जातोच आहे. तो शोधणं म्हणजेच निदान.

पहिल्या तपासणीला अवजार लागत नाही. गाडी उभी करा, इंजिन चालू ठेवा, पंखा तिसऱ्या नंबरवर, सगळ्या जाळ्या पूर्ण उघड्या. जाळीचं छोटं चाक बंद राहिलेलं असणं हा सगळ्यात स्वस्त बिघाड, म्हणून तो आधी बाद करा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या आणि मोड एकेक करून बदला. प्रत्येक मोडला पट्टी चारही जाळ्यांसमोर, काचेच्या बुडाशी आणि पायांच्या जागेत धरा. कुठे फडफडते, कुठे लुळी पडते, ते लिहून ठेवा. पायाच्या मोडमध्ये थोडी हवा काचेवर येते, ती बहुतेक गाड्यांत मुद्दाम सोडलेली असते, तिला बिघाड समजू नका. काचेच्या मोडवर टाकताच एसीचा दिवा आपोआप लागला तरी घाबरू नका. काच कोरडी करायला कोरडी हवा लागते आणि हवा कोरडी होते ती कूलिंग कॉइलवर.

ही टिपणं समोर ठेवली की बरंच उलगडतं. मोड कोणताही असो, हवा एकाच ठिकाणी येत राहिली तर मोडचा फ्लॅप अडकला आहे किंवा त्याला हलवणारं काहीतरी तुटलं आहे. मोड बदलतो, पण प्रत्येक वेळी थोडी हवा नको तिथेही गळते, तर फ्लॅप पूर्ण बंद होत नाही. फ्लॅपच्या कडेला फोमची पट्टी चिकटवलेली असते. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत ती काही वर्षांनी भुसभुशीत होते. जाळीतून काळे-पिवळे कण उडून मांडीवर पडू लागले की ती पट्टी सुटते आहे हे ओळखा.

हवा सगळीकडेच कमी असेल तर प्रश्न दिशेचा नाही. एसी फिल्टर काढून बघा. राईस मिलच्या आसपास किंवा मळणीच्या दिवसांत गावाकडे फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर धानाच्या कोंड्याने आणि धुळीने गच्च भरतो. कंपनीने पुस्तिकेत दिलेली मुदत शहरातल्या रस्त्यांसाठी ठीक असेल. मोहाडी-तुमसरच्या रस्त्यांवर ती पाळत बसू नये.

इथे एक फसवा प्रकार आहे, तो नीट समजून घ्या. गाडी निघाली तेव्हा वारा जोरदार होता. अर्ध्या-पाऊण तासाने सगळ्याच जाळ्यांतून तो मंदावला, पंख्याचा आवाज मात्र तसाच. अशा वेळी एसी बंद करून फक्त पंखा चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत वारा परत आला आणि गाडीखाली पाण्याची धार लागली, तर कूलिंग कॉइलवर बर्फ साचला होता. याला कोंदलेला फिल्टर, कॉइलचं तापमान सांगणारा बिघडलेला सेन्सर किंवा कमी झालेला गॅस यांपैकी काहीही कारण असू शकतं. उजव्या जाळीतून गार आणि डावीतून कोमट हवा येत असेल, तर तिथेही गॅसचा दाब मोजून घ्यावा, कारण गॅस कमी असला की कॉइलचा काही भागच गार राहतो. दोन बाजूंना वेगळं तापमान ठेवता येणाऱ्या गाडीत मात्र आधी तापमानाचे फ्लॅप पाहावेत. म्हणजे गॅसवर संशय घ्यायला जागा आहे, पण ती इथे आहे. तोंडावर यायची हवा पायात जाते, तिथे नाही.

आता फ्लॅप कोण हलवतं ते पाहू, कारण पुढची तपासणी त्यावर ठरते. जुन्या आणि साध्या गाड्यांत नॉबच्या मागून केबल निघते आणि थेट फ्लॅपच्या दांडीला जोडलेली असते. अशा गाडीत नॉबच बोलतो. तो एकदम सैल, विनाविरोध फिरत असेल तर केबल क्लिपमधून निसटली आहे किंवा तुटली आहे. अर्ध्यावर येऊन कडक होत असेल तर फ्लॅपमध्ये काहीतरी अडकलं आहे. तिथे जोर लावू नका, नॉबचा दांडा तुटतो आणि काम वाढतं. निसटलेली केबल चालकाच्या किंवा शेजारच्या सीटच्या पायांच्या बाजूने वाकून, टॉर्च मारून बहुधा दिसते; पुन्हा क्लिपमध्ये बसवायला गॅरेजवाल्याला फार वेळ लागत नाही.

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांत हे काम इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचं. नळी फुटली की स्प्रिंग फ्लॅपला काचेकडे ढकलायची, कारण चालकाला समोरचं दिसणं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे हा प्रकार क्वचितच भेटतो, पण त्यामागचा विचार मला फार पटतो. आजच्या ज्या गाड्यांत छोटी इलेक्ट्रिक मोटर फ्लॅप हलवते, त्यांत ती सोय नाही. मोटर मेली की फ्लॅप होता तिथेच थांबतो.

ही मोटर तळहाताएवढी असते आणि आत प्लास्टिकचे बारीक दाते. मोड बदलल्यावर डॅशबोर्डमधून टक् टक् टक् असा आवाज काही क्षण येऊन थांबत असेल, तर दाते झिजून घसरताहेत किंवा फ्लॅप अडकल्यामुळे मोटर झगडते आहे. या दोहोंतला फरक कळल्याशिवाय नवी मोटर घेऊ नका. कसा कळेल? मोटर स्क्रू काढून बाहेर घ्यायची, वायर जोडलेली ठेवायची आणि मोड बदलायचा. हातात धरलेली मोटर सुरळीत फिरली तर दोष फ्लॅपचा. मग फ्लॅपची दांडी बोटाने हलवून पाहायची. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी जायला हवी. दांडी मोकळी आणि मोटर गप्प, तर मोटर किंवा तिच्याकडे येणारी वायर. एवढी एक तपासणी अर्ध्याहून जास्त वाद मिटवते, आणि ती तुमच्यासमोर करायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पुढची पायरी मल्टिमीटरची. बऱ्याच मोटरींना पाच तारा असतात : दोन मोटर फिरवायला आणि तीन फ्लॅप कुठे आहे ते कळवायला. त्या तिघींपैकी एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थ, आणि तिसरीवरचा व्होल्टेज फ्लॅप सरकेल तसा हळूहळू वाढायला किंवा उतरायला हवा. तो मध्येच उडी मारत असेल तर कंट्रोलला फ्लॅपची खरी जागा कळत नाही आणि तो चुकीच्या ठिकाणी थांबवला जातो. स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये हेच पडद्यावर दिसतं : कंट्रोलने मागितलेली जागा आणि फ्लॅपची प्रत्यक्ष जागा शेजारी शेजारी. बॅटरी बदलल्यानंतर लगेच हा त्रास सुरू झाला असेल तर काहीही खोलण्याआधी इग्निशन चालू करून मिनिटभर कोणत्याही बटणाला हात लावू नका. अनेक गाड्यांत मोटरी स्वतःच दोन्ही टोकं तपासून जागा पुन्हा शिकतात.

अडकलेल्या फ्लॅपमध्ये काय सापडतं? पेन, नाणं, पार्किंगची पावती, डॅशबोर्डवरच्या मूर्तीसमोरून घरंगळलेली सुपारी. काचेच्या बुडाशी असलेल्या फटींतून हे सगळं आत पडतं. पण आपल्या धानाच्या पट्ट्यातला मोठा गुन्हेगार उंदीर. कापणीनंतर गाडी तणसीच्या ढिगाशेजारी किंवा कोठाराजवळ रात्रभर उभी राहिली की उंदीर वायपरखालच्या जाळीतून शिरतो, ब्लोअरपाशी तणस नेऊन घरटं करतो आणि फोम, वायर जे मिळेल ते कुरतडतो. पंखा लावताच खरखर आणि कुबट वास आला तर तो फिरवत राहू नका; तुकडे पुढे कॉइलपर्यंत जातात. ती जाळी गाडी नवी असतानाच बारीक तारेच्या जाळीने आतून झाकून घ्यावी.

आणखी एक प्रकार माणसाने केलेला. नवी म्युझिक सिस्टिम बसवायला डॅशबोर्ड खोलला, परत लावताना हवेच्या नळीचा सांधा नीट बसला नाही. मग वारा डॅशबोर्डच्या पोटात सुटतो. जाळ्यांतून कमी येतो आणि स्टिअरिंगभोवतीचं प्लास्टिक, ग्लोव्हबॉक्स गार लागतात. बिघाड कोणत्या कामानंतर सुरू झाला, हे आठवून सांगणारा ग्राहक मेकॅनिकचं निम्मं काम करून देतो.

उन्हाळ्यात हा बिघाड त्रास देतो. पावसाळ्यात तो जीवावर बेतू शकतो, म्हणून मे महिन्यातच तो काढून टाका असा माझा आग्रह आहे. रोवणीच्या दिवसांत राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या दोन्ही बाजूंना बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. पहाटेची हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरली, तर काच साधारण २५ अंशांखाली गेली की तिच्यावर पाणी साचू लागतं. तोंडावर यायची एसीची हवा फ्लॅपच्या फटीतून काचेवर गळत असेल तर काच सहज तेवढी गार होते, आणि धुकं बाहेरच्या बाजूने धरतं. अशा वेळी आधी वायपर फिरवा. त्याने काच स्वच्छ झाली तर पाणी बाहेरचं आहे, काचेवर थंड हवा जाते आहे. वायपरने फरक पडला नाही आणि आतून फडक्याने पुसल्यावर दिसू लागलं, तर ओल आतली आहे. मग पहिला फ्लॅप आतलीच हवा फिरवण्यावर अडकला आहे का ते पाहा. तपासणी सोपी : बटण दाबून शेजारच्या सीटच्या पायांपाशी कान द्या, आतली हवा घेताना ब्लोअरचा आवाज ठळकपणे मोठा होतो. आवाज बदलतच नसेल तर फ्लॅप हलत नाही. हाच फ्लॅप उलट बाजूला, म्हणजे बाहेरच्या हवेवर अडकला तर नवतप्यातली ४५ अंशांची हवा सतत आत येत राहते. गॅस पुरेसा असतो, कॉम्प्रेसर चांगला असतो, आणि तरी गाडी गार होत नाही.

हे ज्ञान आता कारवाल्यांपुरतं राहिलेलं नाही. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला २०२५ मध्ये एसी सक्तीचा झाला. नागपूर-रायपूर मार्गावरच्या ढाब्यांपाशी थांबणाऱ्या चालकांसाठी ही फार उशिरा आलेली, पण खरी सोय आहे. ट्रकच्या केबिनमध्ये धूळ जास्त, धक्के जास्त, काच मोठी. रस्त्याकडेच्या मेकॅनिकांनी गॅसच्या सिलिंडरबरोबर कागदाची पट्टी आणि मल्टिमीटरही जवळ ठेवायला हवं.

स्वतः हात घालणाऱ्यांसाठी एक ताकीद. डॅशबोर्डखालच्या पिवळ्या वेष्टनाच्या वायर एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटर लावायचा नाही, त्या ओढायच्या नाहीत. स्टिअरिंग किंवा डॅशबोर्ड खोलण्याचं काम बॅटरी काढून, पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून, जाणकारानेच करावं. आणि गॅरेजवाल्याने ‘पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागेल’ असं म्हटलं, तर कोणता फ्लॅप आणि कोणती मोटर हे आधी विचारा. काही मोटरी ग्लोव्हबॉक्स काढला की हाताला येतात. काही गाड्यांत मात्र खरोखरच डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तेव्हा त्याच मजुरीत फोमच्या पट्ट्या बदलून आणि कॉइल धुऊन घ्यावी. काम झाल्यावर पैसे देण्याआधी कागदाची पट्टी घेऊन सगळे मोड पुन्हा एकदा तपासा, पहिल्या टिपणाशी ताडून.

पुढच्या आठवड्यात : ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवरच का चालतो, आणि त्यामागचा रेझिस्टर का जळतो.