उठलेलीं बिऱ्हाडें: कर्जत-खालापुरांतील माता व मुलें

‘निर्वासित’ हा शब्द उच्चारतांच सीमेपलीकडून आलेले लोकांचे तांडे डोळ्यांपुढें उभे राहतात. कायद्याचाहि दृष्टिकोन तोच आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मतें यांपायीं छळ होईल या भीतीनें जो स्वदेशाबाहेर आहे त्यासच १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें निर्वासित मानलें. परंतु घर सुटलें म्हणजे स्त्रीला जें जें अंतरतें, तें देशाची सीमा न ओलांडल्यानें कमी होत नाहीं. ओळखीची सुईण, जवळचा दवाखाना, मुलांची शाळा, पाण्याची ठरलेली जागा हें सारें घराबरोबरच जातें. रायगड जिल्ह्याच्या आंतल्या अंगास असलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांत अशीं बिऱ्हाडें दोन तऱ्हांनीं उठलेलीं दिसतात: कांहीं एका रात्रींत, तर कांहीं दरवर्षीं ठरल्या वेळीं.

एका रात्रींत उठलीं तीं इरशाळवाडीचीं. खालापूर तालुक्यांत इरशाळगडाच्या कुशींत वसलेली ही ठाकरांची वाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं मुसळधार पावसांत तिजवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्यामुळें मोठीं यंत्रें वर नेतां आलीं नाहींत. माणसांना चिखलांतून पायीं चढून हातांनीं माती उपसावी लागली. २७ मृतदेह हातीं आले, आणि ५७ जणांचा पत्ता न लागतांच २३ जुलैला शोध थांबवावा लागला. आश्रमशाळेंत राहून शिकणारीं कांहीं मुलें त्या रात्रीं वाडीबाहेर होतीं म्हणून वांचलीं. वांचलेल्या कुटुंबांना प्रथम चौक गांवाजवळ तात्पुरत्या घरांत ठेवण्यांत आलें, व पुढें सिडकोनें नानिवली येथें त्यांच्यासाठीं पक्कीं घरें बांधलीं. डोंगरावरची वाडी पायथ्याशीं आली म्हणजे दवाखाना व रस्ता जवळ येतो, हा लाभ खराच. पण रानभाजी, सरपण व घरामागचें शेत यांवर चालणारा संसार रोख पैशावर येतो, आणि त्याचा पहिला परिणाम स्त्रीच्या ताटावर होतो.

दुसरें स्थलांतर अपघाताचें नव्हे, रिवाजाचें आहे. कातकरी ही महाराष्ट्रांतील तीन आदिम जमातींपैकीं एक. उरलेल्या दोन कोलाम व माडिया गोंड. खैरापासून कात काढणें हा कातकऱ्यांचा जुना धंदा. जंगलांवर सरकारी निर्बंध आले तसा तो बुडाला. जमीन नसलेलें कुटुंब पावसाळ्यांत वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतें आणि दिवाळीनंतर भट्टीवर जाऊन ती अंगमेहनतीनें फेडतें. नवराबायकोची जोडी मिळून काम धरते. माती मळणें, साच्यांतून विटा पाडणें, त्या डोक्यावर वाहणें असें हें काम पहिल्या पावसापर्यंत चालतें. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. तरी उचल फिटेपर्यंत एक दिवसाचें काम सोडून दवाखान्यांत जाणें त्या बाईस सोपें नसतें.

ही अडचण केवळ गरिबीची नाहीं. ती व्यवस्थेच्या रचनेंतहि आहे. डोंगरी व आदिवासी भागांत ३,००० वस्तीस एक आरोग्य उपकेंद्र आणि २०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असें प्रमाण आहे. त्याखालीं वाडीवरची आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका. या सर्वांच्या वह्या गांवाच्या नांवानें असतात. कुटुंब भट्टीवर गेलें कीं आपल्या गांवच्या वहींत तें गैरहजर ठरतें. आणि भट्टीच्या गांवच्या वहींत त्याचें नांवच नसतें. दिवाळीच्या सुमारास जन्मलेल्या मुलाचें उदाहरण घ्यावें. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला इत्यादि पांच रोगांवरील एकत्रित लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत टोंचावयाची असते. हे तिन्ही आठवडे भट्टीवरच उलटतात. गर्भवतीनें लोहाच्या गोळ्या रोज एक याप्रमाणें १८० दिवस घ्यावयाच्या. भट्टीचा हंगामहि साधारण तितकाच.

शाळेचेंहि असेंच होतें. पहिलें सत्र संपतें तोंच बिऱ्हाड उठतें आणि दुसरें सत्र बुडतें. थोरली मुलगी धाकट्यास कडेवर घेऊन भट्टीवर बसते, व दोन-तीन वर्षांत शाळेस कायमची मुकते. वास्तविक २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें दाखला नाहीं म्हणून भट्टीजवळच्या शाळेस तिला परत पाठवितां येत नाहीं. पण हें तिच्या आईस कोणीं सांगावयाचें?

या प्रश्नाचें एक उत्तर महाराष्ट्राच्या भूमीवर पूर्वीं दिलें गेलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत रशियांतील हद्दपारींतून सुटून इराणमार्गें आलेल्या सुमारें ५,००० पोलिश लोकांना कोल्हापूर संस्थानांत वळिवडे येथें १९४३ ते १९४८ पर्यंत आश्रय मिळाला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुलें होतीं. छावणींत रुग्णालय होतें, बालवर्गापासून वरच्या वर्गांपर्यंत शाळा होत्या, आणि शिकविणारींत निर्वासित स्त्रियाच पुष्कळ होत्या. लोक जेथें होते तेथें दवाखाना व शाळा गेली, व ती त्यांच्याच भाषेंत चालली. पोलिश मंडळी पांच वर्षें एका जागीं राहिलीं, कातकरी दरवर्षीं हलतात, हा भेद आहेच. तत्त्व मात्र बदलत नाहीं.

तें तत्त्व असें, कीं काळजीची नोंद गांवाच्या नांवावर न ठेवतां मातेच्या नांवावर ठेवावी. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या हातीं असतें. तें तिनें बरोबर नेलें पाहिजे, आणि भट्टीच्या गांवच्या परिचारिकेनें तें पाहून पुढची लस टोंचली पाहिजे. स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय पद्धति राज्याच्या महिला व बालविकास खात्यानें २०२२ मध्यें राज्यभर लागू केली. परंतु यंत्रांतली नोंद कोणी तरी भट्टीपर्यंत पायीं नेल्यावांचून फळत नाहीं. हें काम कातकरी अगर ठाकर समाजांतील शिकलेली बाई अधिक चांगलें करील. कारण तिच्यापाशीं संकोच नसतो. हगवण लागलेल्या मुलास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें थोडें थोडें पाजावें, ही एवढी गोष्ट आपल्या बोलींत कळली तर दवाखाना गांठेपर्यंत मूल तग धरूं शकतें.

मुंबई-पुण्याच्या वाढत्या वस्तीस लागणाऱ्या विटांपैकीं पुष्कळ विटा अशाच बिऱ्हाडांनीं पाडलेल्या आहेत. घर बांधणाऱ्यानें वीट घेतांना तिचा भाव विचारावा, तसेंच त्या भट्टीवर परिचारिका येते कीं नाहीं आणि तेथील मुलें कोणत्या शाळेंत जातात हेंहि विचारावें. गिऱ्हाइकाच्या अशा प्रश्नाकडे मालकास दुर्लक्ष करतां येत नाहीं.