चालकाविना मोटार आणि पर्लकोटेचा पूर

अहेरी : चालकाविना धावणाऱ्या मोटारी अमेरिकेतील फिनिक्स महानगर परिसरात २०२० पासून सर्वसामान्य प्रवाशांना नेत आहेत. कॅमेरे, रडार, लेझर किरणे आणि तपशीलवार नकाशे यांवर त्यांची भिस्त असते. अहेरी परिसरात ती कितपत पुरेल? २०१९ व २०२४ च्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावरून वाहिले आणि भामरागडचा संपर्क तुटला. गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की खचला, हे नकाशा सांगू शकत नाही. एसटीचा चालक काठावरच्या माणसाला विचारतो. सूरजागडचे खनिजवाहू ट्रक, सायकली आणि वाटेत ठाण मांडलेली गुरे हा आणखी वेगळाच पेच.

अमेरिकेतच टेम्पे येथे २०१८ मध्ये सायकल हाती धरून रस्ता ओलांडणारी महिला चाचणी मोटारीच्या धडकेत दगावली. समोर नेमके काय आहे, याविषयी संगणकाचा अंदाज सारखा बदलत होता. गुन्हा मात्र देखरेखीसाठी बसलेल्या चालकावर दाखल झाला, कंपनीवर नव्हे. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदाही परवानाधारक चालक गृहीत धरतो. चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले होते.