नियमांच्या देशातले नादखुळे

जपानमध्ये नवी गाडी घ्यायची तर शोरूमइतकंच पोलीस ठाण्याचंही दार महत्त्वाचं. गाडी उभी करायला आपल्याकडे हक्काची जागा आहे, ती घरापासून दोन किलोमीटरच्या आत आहे आणि गाडी तिच्यात मावते, हे नकाशा काढून पोलिसांना दाखवावं लागतं. त्यांनी खात्री करून दाखला दिला की मग नोंदणी. हा कायदा १९६२ सालचा. गाडी रात्रभर रस्त्यावर ठेवणंही त्यात बसत नाही. त्यामुळे टोकियोच्या एखाद्या निवासी गल्लीत शिरलं की आपल्याकडच्या माणसाला आधी चुकल्यासारखं होतं, कारण दोन्ही कडांना गाड्यांच्या रांगाच नसतात. गाड्या असतात त्या घराच्या भिंतीला खेटून, जिन्याखालच्या पोकळीत, नाहीतर बटण दाबल्यावर गाडी उचलून वरच्या मजल्यावर ठेवणाऱ्या लोखंडी सांगाड्यात. जागा असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करायची नाही, असा विचार महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये बोलून दाखवला, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. जपान हे साठ वर्षांपासून करत आलं आहे.

अशा देशात गाड्यांची हौस मरून जायला हवी होती. घडलं उलटं. जगभरातले गाडीवेडे आयुष्यात एकदा तरी जिथे जायचं ठरवतात, तो हाच देश. टोकियोहून योकोहामा, तिथून गुन्माचे डोंगर, मग नागोया आणि हिरोशिमा अशी वाट धरली तर प्रत्येक मुक्कामी एकच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत भेटते. सरकारने किंवा उद्योगाने एक चौकट आखून दिली आणि नादखुळ्यांनी त्या चौकटीतली बोटभर जागासुद्धा वाया जाऊ दिली नाही.

या चौकटीचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पिवळ्या नंबरप्लेटची ‘केई’ गाडी. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची दोन मीटर आणि इंजिन ६६० सीसी, यापलीकडे जायचं नाही. त्या बदल्यात कर कमी, द्रुतगती मार्गावरचा टोल कमी आणि अनेक ग्रामीण भागांत जागेच्या दाखल्यातूनही सूट. युद्धानंतर लोकांच्या खिशाला परवडेल असं वाहन मिळावं म्हणून १९४९ मध्ये हा वर्ग सुरू झाला. इंजिनाची मर्यादा पुढे ३६०, ५५० आणि १९९० मध्ये ६६० सीसीवर गेली. आज जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गाड्या या वर्गातल्या असतात. भातशेतीच्या बांधावर उभा असलेला चिमुकला ट्रक केई, टपालाची व्हॅन केई आणि शाळेच्या फाटकाशी थांबलेली उंच डब्यासारखी गाडीही केईच.

काटकसरीसाठी आखलेल्या या मापात जपानी इंजिनियरांनी चक्क स्पोर्ट्‌स कार बसवल्या. १९९१ मध्ये होंडाची बीट आणि सुझुकीची कॅपुचिनो आली, पुढच्या वर्षी माझदाने ऑटोझॅम या नावाखाली एझेड-१ आणली. शेवटच्या गाडीचे दरवाजे पंखांसारखे वर उघडायचे. कंपन्यांनी आपसात ठरवलेल्या मर्यादेमुळे तिघींची ताकद ६४ अश्वशक्तीवरच थांबली. पण सुमारे सातशे किलोच्या गाडीला तेवढ्यानेही चांगलीच चपळाई येते.

मराठी वाचकाला हे घराणं अनोळखी नाही. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडलेली मारुती ८०० ही सुझुकीच्या १९७९ च्या ऑल्टो-फ्राँटे या केई गाडीवर बेतलेली होती, फक्त भारतासाठी तिला ७९६ सीसीचं इंजिन मिळालं. मारुतीची व्हॅन म्हणजे सुझुकी कॅरी. वॅगन आर जपानमध्ये १९९३ मध्ये आली ती केई म्हणूनच. मापाला सवलत जोडली की गाडीचा आकार कसा बदलतो, हे भारतानेही २००६ नंतर अनुभवलं आहे. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि मागचा भाग कापून चार मीटरमध्ये कोंबलेल्या सेडान गाड्या रस्त्यांवर आल्या.

गाडीवेड्याचा पुढचा मुक्काम मात्र एका पार्किंगचा असतो. योकोहामाच्या बंदरात भराव टाकून केलेल्या बेटावर दाइकोकु नावाचा थांबा आहे. टोकियोच्या शुतो द्रुतगती मार्गाचे फाटे त्याच्या भोवती एकावर एक वळसे घेत खाली उतरतात. स्वच्छतागृहं, खाण्याची दुकानं, पेयांची यंत्रं आणि ट्रकसाठी जागा एवढाच सरकारी जामानिमा. शुक्रवार-शनिवारची रात्र झाली की इथे निसान स्कायलाइन, माझदा आरएक्स-७, टोयोटा सुप्रा, जमिनीला टेकतील इतक्या खाली बसवलेल्या व्हॅन, दिव्यांनी मढवलेल्या लँबोर्गिनी आणि अंगभर अ‍ॅनिमे नायिकांची चित्रं चिकटवलेल्या गाड्या जमू लागतात. ना तिकीट, ना संयोजक, ना फलक. लोक बॉनेट उघडून उभे राहतात, बघणारे वाकून इंजिन बघतात, जमेल त्या भाषेत विचारपूस होते. गर्दी वाढली किंवा कुणी उगाच इंजिन घुमवायला लागलं की पोलीस ध्वनिक्षेपकावरून थांबा बंद होत असल्याचं जाहीर करतात आणि सगळे मुकाट्याने गाड्या काढतात. इथे पायी येण्याची सोय नाही, गाडीतूनच यावं लागतं. म्हणून परदेशी पाहुणे भाड्याची गाडी घेतात किंवा एखाद्या स्थानिक शौकिनाच्या शेजारच्या सीटवर बसून येतात.

शुतो मार्गाचा पहिला टप्पा १९६२ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या दोन वर्षं आधी खुला झाला. शहरात मोकळी जमीन नव्हती, म्हणून हा रस्ता नद्या-कालव्यांवरून नेला. त्यामुळे त्याला अरुंद मार्गिका आणि अवघड वळणं आली. याउलट समुद्रकाठची वांगान शाखा सरळ आणि रुंद. ऐंशी-नव्वदच्या दशकांत इथे रात्री बेकायदा वेगाच्या लढती चालत. मिचिहारू कुसुनोकी यांची ‘वांगान मिडनाइट’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची, मालिका त्याच काळातून निघाली. आता वेग टिपणारे कॅमेरे आणि पोलिसांची गस्त यांमुळे तो प्रकार बराच आटोक्यात आहे.

गाडीवेड्या मांगांचं खरं तीर्थस्थान उत्तरेला गुन्मा प्रांतात आहे. शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही मालिका १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षं चालली. तिचा नायक ताकुमी हा टोफू विकणाऱ्याचा शाळकरी पोरगा. तो पहाटे जुन्या टोयोटा एई८६ मधून डोंगरावरच्या हॉटेलात टोफू पोहोचवतो. वडिलांनी गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवलेला असतो. पाणी सांडू न देता घाट उतरायचा, म्हणजे टोफू फुटत नाही. या रोजच्या कामातून पोरगा असा तयार होतो की महागड्या गाड्यांचे मालक त्याच्यापुढे हरतात. कथेतला आकिना डोंगर म्हणजे खरा हारुना. इकाहोच्या गरम झऱ्यांच्या गावावरून वर तळ्याकडे जाणारा रस्ता आणि त्यातली लागोपाठची तीव्र वळणं चाहत्यांना पाठ असतात. इकाहोतल्या एका खेळणी-बाहुल्या-मोटारींच्या संग्रहालयात ते टोफूचं दुकानही उभं केलेलं आहे. वेगवेड्यांना आवरण्यासाठी जपानच्या बऱ्याच घाटांत रस्त्यावर उंचवटे बसवले आहेत, तेव्हा पाहुण्याने इथे निवांत गाडी चालवावी हेच बरं.

मागची चाकं घसरवत वळण घेण्याच्या ‘ड्रिफ्ट’ या कलेची सुरुवात मात्र शर्यतीच्या ट्रॅकवर झाली. १९६१ मध्ये जर्मनीतल्या हॉकेनहाइमला होंडावर मोटरसायकलची ग्रां प्री जिंकणारा पहिला जपानी, कुनिमित्सु ताकाहाशी, पुढे मोटारींच्या शर्यतीत उतरला आणि सत्तरच्या दशकात गाडी तिरकी घालत वळणं घेऊ लागला. त्याला बघून भारावलेल्या केइची त्सुचियाने ती शैली डोंगरातल्या रस्त्यांवर घोटली, १९८७ च्या ‘प्लस्पी’ या चित्रफितीने ती घराघरांत नेली आणि पुढे तो ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून ओळखला गेला. २००१ पासून डी१ ग्रां प्री या मालिकेने तिला गुण, पंच आणि नियम दिले. इथे घड्याळ बघत नाहीत. कोन, वेग आणि वळणाची रेषा बघून गुण देतात. फुकुशिमातलं एबिसू सर्किट हा या कलेचा आखाडा. डोंगरउतारावर छोटे छोटे ट्रॅक आहेत आणि शेजारीच सफारी पार्क आहे.

जपानी शौकिनाच्या हौसेला सरकारी कात्रीही आहे. तिचं नाव ‘शाकेन’. नव्या खासगी गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सगळं यंत्रावर तपासतात. गाडी कितीही खाली बसवा, जमिनीपासून नऊ सेंटिमीटर अंतर राहिलंच पाहिजे. पूर्वी गाडीत बदल करणं जवळजवळ गुन्हेगारीच मानलं जाई. दाइजिरो इनादा यांनी १९८१ मध्ये ‘ऑप्शन’ हे मासिक काढून या चोरट्या हौसेला व्यासपीठ दिलं आणि १९८३ मध्ये प्रदर्शनही भरवलं. १९९५ मध्ये नियम सैल झाले आणि सुटे भाग उघडपणे विकता-बसवता येऊ लागले. तेच प्रदर्शन आज टोकियो ऑटो सलोन म्हणून दर जानेवारीत चिबाच्या माकुहारी मेस्से केंद्रात भरतं, आणि मोठमोठ्या कंपन्या स्वतः तिथे मंडप घालतात.

या हौसेतून ट्रकवालेही सुटले नाहीत. क्रोमच्या पट्ट्या, शेकडो रंगीत दिवे आणि बाजूंवर रंगवलेल्या लाटा-ड्रॅगन अशा थाटाच्या ‘देकोतोरा’ ट्रकांची लाट १९७५ च्या ‘तोराक्कु यारो’ या चित्रपटाने देशभर नेली. आपल्या महामार्गावरच्या गोंडे-झुंबरवाल्या ट्रकाला लग्नाच्या मांडवाची रोषणाई चढवली तर जे दिसेल, ते.

चौकटीची सगळ्यात गमतीदार गोष्ट निसान स्कायलाइन जीटी-आरची. १९८९ मध्ये जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं की कुठल्याही गाडीची जाहीर ताकद २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त ठेवायची नाही. ही समजूत २००४ पर्यंत टिकली. त्याच १९८९ मध्ये आलेल्या आर३२ जीटी-आरच्या कागदांवर २८० हाच आकडा होता. प्रत्यक्षात तिच्या २.६ लिटरच्या, दोन टर्बोंच्या इंजिनात त्याहून बराच दम होता आणि थोडी कारागिरी केली की तो दुपटीवर जाई. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या काळात तिने २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची मानाची शर्यत तिने दोनदा लागोपाठ मारली आणि तिथल्या पत्रकारांनी तिला ‘गॉडझिला’ हे नाव दिलं. अमेरिकेत पंचवीस वर्षं पूर्ण झालेली गाडी आयातीच्या कडक निकषांतून सुटते. त्यामुळे या गाड्या एकेक करून जपानबाहेर चालल्या आहेत आणि भाव भडकले आहेत. भारतात सर्वसाधारण नियमाप्रमाणे तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आणता येत नाही. आपल्या शौकिनाला ती बघायची तर जपानच गाठावं लागतं.

नागोयात गाड्यांआधी हातमाग-यंत्रमाग दिसतात. टोयोटाच्या औद्योगिक संग्रहालयात साकिची टोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग अजून चालवून दाखवतात. धागा तुटला की माग आपोआप थांबतो. या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. मुलगा किइचिरो मोटारींच्या मागे लागला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. चूक दिसताक्षणी काम थांबवायचं, ही मागातली युक्ती पुढे मोटारींच्या कारखान्यात पाळली जाऊ लागली.

हिरोशिमात माझदाचा कारखाना अणुबॉम्बमधून बचावला तो मध्ये आलेल्या हिजियामा टेकडीमुळे. उद्ध्वस्त शहराचं प्रांतिक प्रशासन काही महिने याच कारखान्याच्या इमारतीतून चाललं, आणि डिसेंबर १९४५ मध्ये तिथे तीनचाकी टेंपोंची जोडणी पुन्हा सुरू झाली. या कंपनीने पुढे रोटरी इंजिनाचा ध्यास घेतला. त्यात पिस्टन वर-खाली होत नाही, तिकोनी रोटर गोल फिरतो. केनइची यामामोतो यांच्या ४७ जणांच्या चमूला इंजिनाच्या आतल्या भिंतीवर पडणारे ओरखडे छळत होते. त्यावर उपाय सापडला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९९१ मध्ये नारिंगी-हिरव्या ७८७बी गाडीने ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली. ते यश मिळवणारी माझदा ही पहिली जपानी कंपनी. ही गाडी बघायला माझदा संग्रहालयात आधी नाव नोंदवून जावं लागतं.

हा प्रवास गाडी चालवत करायचा तर मराठी माणसाला एक सोय आहे. जपानमध्येही वाहनं डावीकडून चालतात आणि आरटीओ देतं तो आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो. खिशाला कात्री लागते ती टोलने. थांबे घेत जायचं तर ‘मिचि नो एकि’ ही रस्त्याकाठची केंद्रं बाराशेहून जास्त आहेत. तिथे स्थानिक भाजीपाला आणि जेवण मिळतं.

पुढची चौकट पेट्रोलच्या वापराची आहे, आणि तिच्यावरही काम सुरू झालं आहे. २०२३ च्या टोकियो ऑटो सलोनमध्ये टोयोटाने ताकुमीच्याच जातीच्या दोन जुन्या एई८६ मांडल्या. एकीचं मूळ इंजिन हायड्रोजनवर चालेल असं बदललं होतं. दुसरीत विजेची मोटर आणि बॅटरी होती, पण क्लच आणि हाताने बदलायचा गिअर मात्र तसाच ठेवला होता.