दगड बोलतो, तेव्हा...

न बोलणाऱ्या माणसाला आपण सहज 'मख्ख दगड' म्हणून मोकळे होतो. पण दगड खरोखरच मुका असतो का?

चेन्नईच्या विमानतळाजवळ पल्लावरम आणि सेंट थॉमस माउंट या टेकड्या आहेत. तिथला काळसर, अतिशय कठीण दगड भूशास्त्रात 'चार्नोकाइट' म्हणून प्रसिद्ध आहे. कोलकात्यात जॉब चार्नोकच्या थडग्यावर हाच दगड बसवला आहे. त्यावरून १८९३ साली टी. एच. हॉलंड यांनी त्याला हे नाव दिले.

असा कणखर दगडही एकाएकी फुटत नाही. त्याचा दंडगोल तुकडा दाबयंत्रात ठेवून दाब वाढवत नेला, की आत केसाहून बारीक तडे पडू लागतात. प्रत्येक तड्यातून एक सूक्ष्म ध्वनिलहर निघते. आपल्या कानांना सेकंदाला वीस हजारांपर्यंतचीच कंपने ऐकू येतात. ही कंपने तर कित्येकदा लाखांच्या घरात असतात. म्हणून दगडाला छोटे संवेदक चिकटवतात. कंपनांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारे हे जणू शास्त्रज्ञांचे कानच!

नागपंचमीच्या लाह्या आठवा. आधी एखाददुसरा दाणा फुटतो, मग एकच तडतड सुरू होते. दगडाचेही काहीसे तसेच. सुरुवातीला तुरळक आवाज, मग वाढती कुरकुर आणि फुटण्याच्या बेताला नुसता कल्लोळ. कोणत्या संवेदकाकडे आवाज आधी पोहोचला, यावरून तडा नेमका कुठे पडला तेही कळते.

दगडाला स्मरणशक्तीही असते! पूर्वी सोसलेला दाब पुन्हा दिला तर तो बहुधा गप्प राहतो. ती मर्यादा ओलांडली की पुन्हा बोलू लागतो. हा गुण जर्मनीच्या जोसेफ कायझर यांनी १९५० साली प्रथम धातूंमध्ये दाखवला. पुढे तो खडकांतही आढळला.

या साऱ्याचा उपयोग काय? उत्तर चेन्नईच्या पश्चिमेला, कोलारच्या सोन्याच्या खाणींत मिळते. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या या खाणींत अनेक तमिळ कुटुंबांतील माणसे राबली. वरच्या प्रचंड भाराने तिथला खडक अचानक स्फोटासारखा फुटे आणि कामगारांचे बळी जात. म्हणून तिथे खडकाची कंपने टिपणारी यंत्रे बसवली गेली. खडकाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही १९८८ साली तिथेच स्थापन झाली. खाणी २००१ साली बंद पडल्या, पण खडकाची कुरकुर ऐकण्याची ही विद्या आज जगभर खाणी आणि बोगद्यांत वापरली जाते.

अर्थात दगड इशारा देतो, मुहूर्त सांगत नाही. अमुक वाजता फुटेन, असे त्याच्या आवाजावरून खात्रीने सांगता येत नाही. पण कुरकुर वाढलेल्या भागातून माणसे वेळीच बाहेर काढता आली, तर एखाद्या घरचा कर्ता सुखरूप परततो. दगडाचे बोलणे ऐकायचे ते त्यासाठीच!