आवाज गेला कुठे? लिनक्सवर मायक्रोफोनचा दोष शोधण्याची रीत

आजचा विषय वाचून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, प्रमाणशास्त्र सोडून दुरुस्तीचं दुकान कधी काढलंत?" मी त्याला म्हटलं, दोन्हींत तू समजतोस तेवढं अंतर नाही. का नाही, ते सांगण्यासाठी आधी माझी एक फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वाईला माझे एक वडीलधारे स्नेही राहत असत. न्यायशास्त्र परंपरेनं शिकलेले, वय ८८. नैयायिकांचा अभावाचा विचार सलग समजावून सांगायचं त्यांनी कबूल केलं. मी लॅपटॉप आणि यूएसबी मायक्रोफोन घेऊन गेलो. लॅपटॉपवर लिनक्स. ते एक तास चाळीस मिनिटं बोलले. पडद्यावरचं घड्याळ सरकत होतं, फाइल वाढत होती, मी निश्चिंत होतो. घरी येऊन फाइल उघडली. जवळजवळ एक जीबीची फाइल, आणि तिच्यात एक अक्षर नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्य.

कारण दोन दिवसांनी सापडलं. आदल्या आठवड्यात इंटरनेटवरचं एक भाषण उतरवून घेण्यासाठी मी ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम 'मॉनिटर' नावाच्या स्रोतावर लावला होता. मॉनिटर म्हणजे संगणक स्वतःच्या स्पीकरकडे जो आवाज पाठवतो, त्याची प्रत. ती निवड लिनक्सनं त्या प्रोग्रामच्या नावावर लक्षात ठेवली आणि मी मात्र विसरलो. वाईला लॅपटॉपच्या स्पीकरमधून काहीच वाजत नव्हतं, म्हणून त्यानं इमानेइतबारे शांतता नोंदवली. यंत्र कुठेही चुकलं नव्हतं. पुन्हा जायचं ठरलं होतं, पण त्या हिवाळ्यात ते गेले.

म्हणून आजचा विषय. छापखान्यात यंत्र बिघडलं तर पान उद्या छापता येतं. बोललेलं वाक्य मात्र पुन्हा तसंच बोललं जात नाही.

आता बघा, माझी चूक तर्काची होती. मी अनुमान केलं: फाइल वाढते आहे, म्हणून आवाज नोंदवला जातो आहे. यातला हेतू सव्यभिचार आहे. जो हेतू साध्य असताना आढळतो आणि नसतानाही आढळतो, तो सव्यभिचार. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात संगणक दर सेकंदाला प्रत्येक बाजूचे ४४,१०० नमुने घेतो. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, बाजू दोन. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. कोणी बोलो वा न बोलो, नमुने तेवढेच. शांततेची वॅव फाइल भाषणाच्या फाइलइतकीच मोठी असते. तेव्हा घड्याळ आणि फाइलचा आकार यांना साक्षीदार मानू नका. साक्षीदार दोनच: बोलताना हलणारी पातळीची पट्टी, आणि नोंदवलेलं परत ऐकणारा तुमचा कान.

उलट बाजूनंही हीच चूक होते. आवाज येत नाही, म्हणून आपण म्हणतो, "माइक गेला." आणि नवा आणतो. तोही मुका! इथे कुमारिल भट्टांच्या परंपरेतली एक गोष्ट कामाला येते. भाट्ट मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक ते स्वतंत्र मानत नाहीत. पण एका अटीवर दोघांचं एकमत आहे: ती अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. उजेडातल्या खोलीत घडा दिसला नाही, तर घडा नाही असं म्हणता येतं. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर काहीच म्हणता येत नाही. "माइक गेला" हे विधान आपण बहुतेक वेळा अंधारात करतो. तर मग आधी दिवा लावायचा. तो कसा लावायचा, एवढंच आज सांगायचं आहे.

आवाजाची वाट डोळ्यांपुढे आणा. तोंडापासून फाइलपर्यंत सहा मुक्काम आहेत. पहिला, खुद्द मायक्रोफोन. दुसरा, त्याची वायर आणि जॅक. तिसरा, साउंड कार्ड, जिथे विजेच्या लहरींचे आकडे होतात. यूएसबी मायक्रोफोनच्या पोटात हे कार्ड स्वतःचंच असतं. चौथा मुक्काम लिनक्सच्या कर्नेलमधला, त्याचं नाव अल्सा. पाचवा, ध्वनीचा सर्व्हर. तो कोणत्या प्रोग्रामला कोणत्या माइकचा आवाज द्यायचा ते ठरवतो. पूर्वी हे काम पल्सऑडिओ करत असे, आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर करतो. फेडोरानं २०२१ साली, ३४व्या आवृत्तीत, हा बदल केला. उबुंटूनं २२.१० या आवृत्तीत केला. आणि सहावा मुक्काम तुमचा प्रोग्राम: ऑडॅसिटी असेल, ब्राउझर असेल.

माणसं सहाव्या मुक्कामावर बटणं दाबत बसतात. तसं करू नका. वाट मधोमध तोडा आणि विचारा, आवाज इथपर्यंत पोचला का? पोचला असेल तर दोष पुढे आहे, नसेल तर मागे. एका प्रश्नात अर्धा रस्ता निर्दोष ठरतो.

मधोमध म्हणजे चौथा मुक्काम. टर्मिनल उघडा आणि 'एरेकॉर्ड' लिहून, एक जागा सोडून, वजा चिन्ह आणि एल लिहा. टंकायचं अर्थातच रोमन लिपीत, सगळी अक्षरं स्मॉल. ध्वनी घेऊ शकणाऱ्या उपकरणांची यादी येईल, कार्डाच्या आणि उपकरणाच्या क्रमांकासह. तुमचा माइक किंवा तो जिथे जोडलाय ते कार्ड या यादीत आहे का, एवढंच बघायचं.

समजा, नाही. मग वरच्या प्रोग्रामांत काहीही बदलून उपयोग नाही. यूएसबी माइक असेल तर हब काढून थेट लॅपटॉपला जोडा, दुसरी वायर लावून बघा. लॅपटॉपचा आतला माइक असेल आणि लॅपटॉप अलीकडचा इंटेलवाला असेल, तर त्याला 'साउंड ओपन फर्मवेअर' लागण्याची शक्यता आहे. डेबियनमध्ये त्या पॅकेजचं नाव फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड. ते घाला आणि संगणक पुन्हा सुरू करा.

समजा, यादीत आहे. आता पाच सेकंदांची चाचणी. 'एरेकॉर्ड', मग वजा कॅपिटल डी, जागा, 'प्लगएचडब्ल्यू', अपूर्णविराम, कार्डाचा क्रमांक, स्वल्पविराम, उपकरणाचा क्रमांक. पुढे वजा स्मॉल डी, जागा, ५. मग वजा एफ, जागा, सीडी. शेवटी फाइलचं नाव. कॅपिटल डी म्हणजे उपकरण, स्मॉल डी म्हणजे सेकंद. यात घोटाळा करू नका, मी केलेला आहे. हे लिहिलं की पाचवा मुक्काम वगळून थेट कार्डाकडून आवाज घेतला जातो. 'डिव्हाइस बिझी' असं उत्तर आलं तर घाबरू नका. दुसरा एखादा प्रोग्राम माइक धरून बसलाय, तो बंद करा. नोंदवलेलं 'एप्ले' या आज्ञेनं ऐका.

ऐकू आलं नाही, तर 'अल्सामिक्सर' ही आज्ञा द्या. एफ ६ दाबून कार्ड निवडा, एफ ४ दाबून ध्वनी घेण्याची बाजू बघा. 'कॅप्चर'च्या पट्टीखाली तोच शब्द लाल अक्षरांत दिसला पाहिजे. दिसत नसेल तर स्पेसबार दाबा. पट्टी शून्यावर असेल तर वर न्या. आणि हे करण्याआधी लॅपटॉपचं माइक बंद करणारं बटण बघा. निम्मी दुरुस्ती तिथेच होते, पण कबूल कोणी करत नाही.

जॅकचंही असंच. मोबाइलच्या हेडसेटच्या पिनेवर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार भाग असतात. डेस्कटॉपवरचं जुनं गुलाबी छिद्र तीन भागांच्या पिनेसाठी असतं. त्यात मोबाइलचा हेडसेट खुपसला तर माइक सहसा चालत नाही. दोन पिना वेगळ्या करणारा जोड स्वस्तात मिळतो, तो वापरा.

आता समजा चाचणीत आवाज स्वच्छ आला, पण तुमच्या प्रोग्रामात येत नाही. म्हणजे दोष पाचव्या किंवा सहाव्या मुक्कामावर. इथे 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' हा छोटा प्रोग्राम उघडा. नाव जुनं असलं तरी पाइपवायरवरही तो चालतो. 'इनपुट डिव्हाइसेस'मध्ये प्रत्येक माइकची पट्टी हलताना दिसते. बोला आणि बघा कोणती हलते. आता प्रोग्रामात ध्वनिमुद्रण सुरू करा आणि 'रेकॉर्डिंग' हा भाग उघडा. सुरू केल्याशिवाय प्रोग्रामचं नाव तिथे दिसणार नाही, हे लक्षात ठेवा. नावासमोर तो कोणत्या स्रोताकडून ऐकतोय ते लिहिलेलं असतं. कधी तिथे वेबकॅमचा माइक असतो, कधी 'मॉनिटर' असतो. वाईला मी हा एक कप्पा उघडून पाहिला असता, तर ते दीड-पावणेदोन तास आज आपल्याजवळ असते.

दुसरी शिस्त: एका वेळी एकच गोष्ट बदला. आपल्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं, अशी दोन्ही अंगांनी खात्री. वायर बदलली, प्रोग्राम बदलला, संगणकही पुन्हा सुरू केला आणि आवाज आला. आनंद आहे. पण तुम्हाला काय कळलं? काहीच नाही. तो दोष पुन्हा येणार, आणि नेमका पाहुणे समोर बसलेले असताना येणार. म्हणून सापडलेला उपाय एकदा काढून बघा. दोष परतला, पुन्हा उपाय केला आणि गेला, तर कारण सापडलं.

हीच रीत घूं-घूं आवाजाला लावा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. जाड, एकसुरी गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर नोंदवून बघा. गुणगुण थांबली, चार्जर लावल्यावर परत आली, तर वाट विजेच्या बाजूची आहे. घरातलं अर्थिंग तपासून घ्या, तोवर बॅटरीवर नोंदवा. आणि पंखा! पंख्याच्या आवाजाला लिनक्सकडे औषध शोधू नका. बटण भिंतीवर आहे.

थोडे प्रश्न आलेत, ते घेतो.

प्रश्न: आवाज येतो, पण मोठ्यानं बोललं की फाटतो.

पातळी फार वर आहे. १६ बिटांत सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. त्यापलीकडचा आवाज लिहायला जागाच नाही, म्हणून लहरीचा माथा कापला जातो आणि कापलेला माथा खरा कसा होता ते परत मिळत नाही. बोलताना सर्वांत मोठा आवाज शून्याखाली साधारण १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. थोडा हळू आवाज नंतर वाढवता येतो, त्याबरोबर थोडी खरखर वाढते एवढंच. फाटलेला मात्र नीट शिवता येत नाही. 'माइक बूस्ट' नावाची पट्टी वर असेल तर आधी ती खाली आणा.

प्रश्न: ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू केला की गाण्याचा आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडला का?

नाही. ब्लूटूथची गाण्यांची चांगली पद्धत एकाच दिशेनं चालते, संगणकाकडून कानाकडे. माइक हवा असेल तर हेडफोन फोनवरच्या संभाषणाच्या पद्धतीवर जातो, तिथे नमुने सेकंदाला सहसा ८,००० किंवा १६,०००च असतात. व्याख्यान नोंदवायचं तर वायरचा माइक घ्या.

प्रश्न: आतल्या माइकच्या दोन्ही पट्ट्या हलतात, पण ऑनलाइन बैठकीत कोणाला काही ऐकू जात नाही.

आधी ब्राउझरनं माइकची परवानगी मागितली होती का आणि आपण 'नको' म्हटलं होतं का, ते बघा. ते ठीक असेल तर एक दुर्मीळ कारण सांगतो. काही लॅपटॉपांत डाव्या आणि उजव्या बाजूच्या लहरी एकमेकींच्या बरोबर उलट असतात. बैठकीचा प्रोग्राम दोन्हींची बेरीज करून एक करतो. अधिक पाच आणि वजा पाच, बेरीज शून्य. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये दोन बाजू जोडणारं कुलूप काढा आणि एक बाजू शून्यावर न्या. दोन्ही साक्षीदार खरं बोलत असतात, पण एकत्र ऐकले की काहीच कळत नाही.

वेळ संपत आली. एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण एक नेम पाळा. महत्त्वाच्या माणसापुढे बसलात की आधी त्यांचंच नाव-गाव विचारून दहा सेकंद नोंदवा, थांबवा आणि हेडफोन लावून ऐका. दुसऱ्या खोलीत काल ऐकलं होतं, ते धरायचं नाही. त्या जागी, त्या माइकनं, त्याच वेळी. शिवाय फोनवरही वेगळं ध्वनिमुद्रण चालू ठेवा, त्याची वाट पूर्ण निराळी असते. दोन्ही वाटा एकाच वेळी बंद पडणं कठीण.

तुमच्या घरी कोणी आजी असेल, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी; कोणी काका असतील, जुन्या गावाची हकिकत सांगणारे. या रविवारी त्यांच्यापुढे बसा. पण आधी दहा सेकंद नोंदवून ऐका.